वेदीवरची भाषा आणि अंगणातले वर्ष

नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा साऱ्या मराठी मुलखाला ठाऊक आहे. १७४७ साली बांधलेल्या या देवळाच्या दर्शनी भागी टांगलेल्या त्या अवजड घंटेवर मात्र १७२१ हा इसवी सनाचा आकडा ओतलेला आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आहे. वाईजवळच्या मेणवलीस, नाना फडणिसांच्या वाड्यामागील घाटावर जी घंटा आहे, तिच्या अंगावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मारिया दिसते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला आणि तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या, ही हकिकत इतिहासाच्या पुस्तकांत सहसा एका वाक्यात उरकली जाते. ज्या गावांच्या कानांवरून तो नाद गेला, त्या गावांचे पुढे काय झाले, याची चौकशी क्वचितच होते.

घंटा हे कॅथलिक गावाचे घड्याळही असते आणि पंचांगही. पहाटे, मध्यान्ही व तिन्हीसांजेला ती प्रार्थनेची वेळ सांगते. कोणी गेले तर ते सांगते. सणाच्या आदल्या संध्याकाळी सण सांगते. आणि पवित्र गुरुवारपासून पुनरुत्थानाच्या जागरणापर्यंत गप्प बसून तेही सांगते. वसईच्या सखल, पाणथळ पट्टीतल्या गावांत ही सवय सुमारे दोनशे वर्षांची झाली होती. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. पाठोपाठ आंतोनियो दो पोर्तू याच्यासारखे फ्रान्सिस्कन साधू आले, मग येशूसंघीय आले, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांडोर, पापडी, नंदाखाल, आगाशी येथे चर्च उभी राहिली. १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रुसावर मारला गेलेला आणि १८६२ साली संतपदास पोचलेला गोन्सालो गार्सिया हा याच वसईत जन्मलेला. सत्तांतर झाले तेव्हा युरोपीय धर्मगुरू निघून गेले. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. पण अनेक चर्च पडझडीस लागली आणि थोड्याशा देशी, बहुतांशी गोमंतकीय, धर्मगुरूंच्या आधाराने ही माणसे राहिली. धर्मांतर झाले तेव्हाची सक्ती वा स्वेच्छा हा वादाचा विषय आहे आणि तो तसा राहील. परंतु पोर्तुगीज सत्ता गेल्यावर पेशवाईच्या अंमलाखाली पिढ्यान्‌पिढ्या ही माणसे ख्रिस्ती राहिली, त्याचे उत्तर सत्तेत शोधता येत नाही. ते त्यांच्या वर्षात शोधावे लागते.

हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी, आगमनकाळाने ते उघडते. नाताळ, मग राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, पवित्र आठवडा, पुनरुत्थानाचा सण, त्यानंतर पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचा सण, आणि उरलेला दीर्घ सामान्यकाळ अशी त्याची चाल आहे. नाताळची तारीख सूर्यावर बांधलेली, तर पुनरुत्थानाचा रविवार चंद्रावर. २१ मार्चला वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो धरला जातो. म्हणजे आपल्या गणनेने बहुधा फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या मागोमाग हा सण येतो. होळी किंवा हनुमान जयंती जवळपास असते. अधिक मासाने चांद्र वर्ष सौर वर्षाशी जुळवून घेण्याची ज्या समाजाला सवय आहे, त्याला हे गणित परके वाटण्याचे कारण नव्हते. परके होते ते शब्द.

शतकानुशतकांच्या वाटचालीत रोमच्या परंपरेची भाषा लॅटिन झाली होती. ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सप्टेंबर १५६२ मध्ये मिस्सा लोकभाषेत व्हावी हे मत अमान्य केले. १५७० साली पाचव्या पायस यांनी जे प्रार्थनापुस्तक काढले ते चार शतके टिकले. मात्र त्याच परिषदेने आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. वेदीवर जे वाचले जाते त्याचा अर्थ धर्मगुरूंनी लोकांना वेळोवेळी, विशेषतः रविवारी व सणाच्या दिवशी, समजावून सांगावा, अशी तिची आज्ञा होती. वेदीची भाषा बंद, पण वेदीच्या पायरीखाली लोकभाषेला दार उघडे, अशी ही रचना झाली. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा जन्म या दारात झाला आहे.

विल्टशायरमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मलेला, १५७९ साली गोव्यात आलेला आणि उरलेले आयुष्य तेथेच वेचलेला इंग्रज येशूसंघीय थॉमस स्टीफन्स याने ‘क्रिस्तपुराण’ लिहिले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी साहित्याच्या इतिहासात भाषाप्रभुत्वासाठी गौरविला जातो, आणि ते योग्यच आहे. पण तो कोणत्या गरजेपोटी जन्मला हे विसरले की त्याचे अर्धे मर्म हरवते. जुनी पुराणे ज्यांच्या हातून गेली होती त्या नवख्रिस्ती लोकांना ऐकायला, गायला आणि सणाच्या दिवशी चार माणसांत बसून वाचायला काहीतरी हवे होते. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, आणि पाद्री-गुरू व श्रोते यांचा संवाद ही चौकट, स्वर्गाला वैकुंठ म्हणण्याची मोकळीक, आणि ओवी. मिस्सा लॅटिनमध्ये होई, पण ती संपल्यावर रविवारी व सणासुदीस हे पुराण चर्चमध्ये वाचले जाई. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. देवनागरीचे खिळे नसल्याने छपाई रोमन लिपीत झाली. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापले, तेही रोमन लिपीतच. १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली तेव्हा मराठीतल्या या ग्रंथाला मराठीची लिपी मिळाली.

येथे एक घोटाळा टाळायला हवा. स्टीफन्स ज्या साष्टीत राहिला ती गोव्याची साष्टी. मुंबईलगतची, ठाण्याची साष्टी निराळी. नावसारखेपणामुळे अनेक लेखकांनी स्टीफन्सला वांद्र्याच्या आसपास हिंडवले आहे. उत्तर कोकणासाठी वेगळे पुराण होते. फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायश याने मुंबई-वसई परिसराच्या बोलीत ख्रिस्ताच्या दुःखसहनावर रचलेले हे पुराण १६५९ साली लिस्बनला छापले गेले. वाङ्मयीन गुणांत ते स्टीफन्सच्या जवळपासही येत नाही, हे मान्य करावे लागते. पण येथील ख्रिस्ती कुटुंबांत उपवासकाळाच्या संध्याकाळी त्याचे वाचन होत असे, आणि घंटा गेलेल्या मुलखात घरात होणाऱ्या अशा वाचनाचे मोल ग्रंथाच्या काव्यगुणावरून ठरवता येत नाही. गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला होता. असे हुकूम स्वयंपाकघरात पोचत नाहीत.

लॅटिन वेदीभोवती या लोकांनी जे वर्ष बांधले, ते आजही वसईच्या धर्मग्रामांत थोड्याफार फरकाने पाहता येते. सामवेदी किंवा कुपारी म्हणून ओळखला जाणारा बागायतदार समाज, वाडवळ, कोळी आणि इतर जाती मिळून तो समाज झाला आहे. कुपारी हा शब्द पोर्तुगीज ‘कोम्पाद्रे’पासून, म्हणजे बाप्तिस्म्याने जुळलेल्या सोयऱ्याच्या नावावरून आला असे मानले जाते. आडनावे पोर्तुगीज राहिली, पण मराठी जिभेने ती आपल्यासारखी घडवून घेतली: दिब्रिटो, डाबरे, तुस्कानो, मच्याडो, घोन्सालविस. बायकांचे लाल लुगडे, पुरुषांची लाल टोपी, भात, राजेळी केळी, पानवेली, फुलांचे मळे आणि विहिरीवरचा रहाट असे हे जग होते.

राखेचा बुधवार घ्यावा. कपाळावर जी राख लावली जाते ती मागील वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेली माडाची पाती घरी नेऊन, त्यांचे विणून क्रूस करून, ती देवघरातल्या चित्रामागे खोचली जातात. वर्षभर तेथे वाळतात. पुढच्या उपवासकाळाच्या तोंडावर ती गोळा होऊन जाळली जातात. जेरुसलेमची खजुरीची पाने वसईत माडाची झाली, यावर कोणी ग्रंथ लिहिला नाही, आणि लिहिण्याची गरजही कोणाला वाटली नाही. उपवासकाळात लग्ने होत नसत, आगमनकाळातही नसत. म्हणून नाताळानंतरचा आणि राखेच्या बुधवारपूर्वीचा मोकळा काळ लग्नांनी गजबजून जाई, आणि पुढची लाट पुनरुत्थानानंतर, एप्रिल-मे महिन्यांत येई. भात घरात आलेले, शेतकामाला उसंत, आणि चर्चचीही परवानगी. लग्न वेदीवर लॅटिनमध्ये लागे. पण आदल्या दिवशी विहिरीवरून उंबराचे पाणी आणताना बायका जी गाणी म्हणत, ती त्यांच्या बोलीतली असत. त्या पाण्याचे आणि उंबराच्या फांदीचे मूळ कोणत्या धर्मात शोधायचे हे सांगायला नको.

पवित्र आठवड्यात घंटा गप्प होत आणि त्यांच्या जागी लाकडी खटखटे वाजवले जात. त्या लाकडी आवाजाची भीती वाटत असे असे जुन्या पिढीतली माणसे सांगतात. पुनरुत्थानाच्या रात्रीचे जागरण तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शनिवारी सकाळीच उरकले जाई. अंधारात पेटवायचा नवा अग्नी भर उजेडात पेटे. बाराव्या पायस यांनी १९५१ साली प्रयोग म्हणून आणि १९५६ पासून सर्वत्र तो विधी रात्री नेला. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब न घेता प्रभुभोजन स्वीकारण्याचा नियमही याच सुमारास सैल झाला: १९५७ साली तीन तासांचा उपास ठरला, १९६४ साली एक तासाचा. कागदावर ही दुरुस्ती लहान दिसते. परंतु ज्या गावांतून माणसे भल्या पहाटे दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या आणि फुलांची बोचकी घेऊन मुंबईची गाडी पकडत, त्या गावांत संध्याकाळची मिस्सा आणि एक तासाचा उपास यांनी कष्टकऱ्याच्या आठवड्यात देवासाठी जागा केली.

पवित्र आत्म्याचा सण बहुधा पावसाच्या तोंडावर येतो. धर्मगुरूंचा झगा त्या दिवशी लाल असतो. त्यानंतर सामान्यकाळाचा हिरवा. युरोपात ठरलेल्या या हिरव्या रंगाला कोकणात जो अर्थ आला तो निव्वळ योगायोगाने. पण आवणीच्या दिवसांत, चहूबाजूंनी भाताची रोपे डोलत असताना वेदीवरही हिरवे वस्त्र दिसावे, हा योगायोग गोड आहे. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या डोंगरावर मोतमाउलीची जत्रा भरते, आणि तिला जाणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. भात कापणीला आले की आगेरा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद घेण्याचा हा उत्तर कोकणच्या ख्रिस्ती लोकांचा सण. आगेरा या शब्दात शेताचे लॅटिन नाव दडले आहे, हे वाजंत्री वाजवणाऱ्याला माहीत नसते. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस; त्या संध्याकाळी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळते. आणि मग वर्ष पुन्हा आगमनकाळाच्या जांभळ्या रंगाला येते. नाताळची तयारी, गव्हाणी, चांदण्या, फुगे तळण्याचा वास.

वर्षाच्या या फेऱ्यात एक तारीख विशेष बोलकी आहे. ३ मे हा पूर्वी पवित्र क्रूस सापडल्याचा सण होता. १९६० साली तेविसाव्या जॉन यांच्या काळात तो रोमच्या पंचांगातून काढला गेला, कारण सप्टेंबरात क्रुसाचा दुसरा सण होताच. परंतु मुंबई-ठाणे-वसईच्या गावठाणांत, नाक्यानाक्यावर उभ्या असलेल्या दगडी व लाकडी क्रुसांपुढे मे महिन्यात फुलांच्या माळा चढतात, संध्याकाळी शेजारीपाजारी जमतात, लादाइन म्हटली जाते आणि चणे वाटले जातात. रोमने पुसलेला दिवस आळीने राखला. यात बंडखोरी नव्हती. आळीला तो पुसल्याचे कदाचित कळलेही नसेल.

लॅटिन वेदी आणि मराठी अंगण अशी ही विभागणी कायमची नव्हती. सह्याद्रीच्या पलीकडे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येशूसंघीय धर्मगुरूंच्या कामातून एक दुसरा मराठी कॅथलिक समाज उभा राहत होता. तो प्रामुख्याने गावकुसाबाहेरच्या लोकांचा होता. त्याला पोर्तुगीज आठवण नव्हती. भजन आणि डफ मात्र होता. तेथे फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. हरेगावच्या मतमाउलीची सप्टेंबरातली यात्रा १९४९ पासून भरू लागली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तर शंभराहून अधिक वर्षे मराठीतच उपासना होत होती. नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि अभंग ख्रिस्ती केले होते. वसईत १९५५ साली ‘सुवार्ता’ निघाले. एवढे सारे मराठी बोलणारे, लिहिणारे, गाणारे कॅथलिक दर रविवारी वेदीपुढे मुके होत, कारण वेदीला त्यांची भाषा येत नव्हती.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. लॅटिन रद्द करावी असे त्यात म्हटले नव्हते. लोकभाषेला अधिक वाव द्यावा असे म्हटले होते. पण बांध एकदा फुटला की पाणी मोजून सोडता येत नाही. पुढल्याच वर्षी, २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ या काळात, मुंबईत आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली आणि सहावे पॉल हे भारतात आलेले पहिले पोप ठरले. ७ मार्च १९६५, उपवासकाळाचा पहिला रविवार: या दिवसापासून वाचने, प्रतिसाद आणि अनेक प्रार्थना लोकभाषेत म्हणण्याची मोकळीक जगभर लागू झाली. १९६७ साली मिस्सेचा मध्यवर्ती, आजवर पुटपुटत म्हटला जाणारा भागही लोकभाषेत आणण्याची परवानगी मिळाली. ३० नोव्हेंबर १९६९, आगमनकाळाचा पहिला रविवार, नवे प्रार्थनापुस्तक अमलात आले. पाच वर्षांच्या आत चार शतके मागे पडली.

मराठीला या कामी एक जुनी सोय उपयोगी आली. राजाला ‘आपण’ म्हणणारी ही भाषा देवाला ‘तू’ म्हणते. ज्ञानेश्वर-तुकारामांनी ती सवय इतकी पक्की केली आहे की ख्रिस्ती प्रार्थनेतही एकेरी संबोधन उद्धट वाटले नाही. मिस्सा हा पोर्तुगीज शब्द राहिला, पापनिवेदन, मिस्साबली, धर्मग्राम, धर्मगुरू असे संस्कृतोद्भव शब्द स्थिरावले, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडचा ‘जेजू’ छापील पानावर ‘येशू’ झाला.

एप्रिल १९६९ मध्ये रोमने भारतीय उपासनेसाठी बारा सवलती मान्य केल्या. जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर ठेवणे, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, समई, आरती, झग्याऐवजी शाल अशा त्या गोष्टी होत्या. १९६७ साली बेंगळुरूला स्थापन झालेल्या राष्ट्रीय केंद्राचे प्रमुख डी. एस. अमलोर्पवदास हे या प्रयत्नाचे अग्रणी. देशात अनेक ठिकाणी श्रद्धाळूंनीच विरोध केला. हे हिंदूकरण आहे असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या समाजाने शतकानुशतके शेजाऱ्यापासून आपले वेगळेपण चर्चमधल्या मेणबत्तीने आणि गुडघ्याने राखले, त्याला एकाएकी ‘आता आरती करा’ म्हणणे सोपे नव्हते. पंडितांना ते मुळाकडे परतणे वाटले. आजीला आपल्या हातातली खूण काढून घेतल्यासारखे वाटले. गंमत अशी, की स्टीफन्सने १६१६ साली वैकुंठ म्हटले होते तेव्हा कोणाची तक्रार इतिहासात नोंदलेली दिसत नाही.

परिषदेचा हाच निर्णय दुसऱ्या मातीत कसा रुजला हे पाहिले की वसईचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. चंडीगड हे त्याच काळात नकाशावर आखलेले, १९५३ साली उद्‌घाटन झालेले शहर. शिमल्याच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या नावात १९६४ साली त्याची भर पडली. सेक्टर १९ मधील तेथील प्रधान चर्च ख्रिस्तराजाला वाहिलेले आहे. तो सण १९२५ साली अकराव्या पायस यांनी स्थापला आणि १९६९ च्या सुधारणेने ऑक्टोबरच्या अखेरीहून हलवून उपासनावर्षाच्या शेवटच्या रविवारी बसवला. नव्या शहराला असे नवे सण शोभतात. तेथील भक्तगण पंजाबची खेडी, केरळ, छोटा नागपूर, मंगळूर असा चहूकडून आलेला. कोणा एकाची मातृभाषा साऱ्यांची होऊ शकत नव्हती. म्हणून तेथे लॅटिनच्या जागी हिंदी, इंग्रजी, पंजाबी, मल्याळम अशा भाषा आल्या त्या सोयीच्या भाषा म्हणून. नाताळला तेथे ‘बडा दिन’ म्हणतात. उपवासकाळ गहू पिकताना येतो आणि पुनरुत्थानाचा सण बैसाखीच्या कापणीच्या आगेमागे. तेच पंचांग, पण पीक निराळे. आणि गमावण्यासारखे जुने अंगण या नव्या शहराजवळ नव्हते.

वसईजवळ होते, आणि त्यातले बरेचसे गेले. वेदीवर जी मराठी आली ती प्रमाण मराठी होती. ती यावी हे अपरिहार्य होते. एका प्रार्थनापुस्तकाने मुंबईपासून नागपूरपर्यंत सर्वांची सोय पाहायची होती. पण सामवेदी बोली, जिला कादोडी असेही म्हणतात, आणि वाडवळी या बोली लॅटिनच्या काळात वेदीच्या पायरीशी निर्धास्त नांदत होत्या. लॅटिन कोणाचीच नव्हती, त्यामुळे आपली बोली तिच्यापुढे कमी ठरत नव्हती. प्रमाण मराठी वेदीवर आल्यावर घरातल्या बोलीला प्रथमच आपण अशुद्ध आहोत असे वाटू लागले. पुराणाचे वाचन त्याआधीच मंदावले होते. आता त्याची गरजही उरली नाही, कारण बायबल मिस्सेतच मराठीत ऐकू येऊ लागले. उपवासकाळात घराच्या ओटीवर जे होई, ते चर्चच्या छताखाली गेले. जे शब्द आजीच्या स्वाधीन होते ते छापील पुस्तकाच्या स्वाधीन झाले.

जे मिळाले तेही लहान नव्हे. मराठी मिस्सा ऐकत वाढलेल्या पिढीतून मराठी लिहिणारे धर्मगुरू, शिक्षक आणि कवी निघाले. चर्चमधले प्रवचन मराठीत चांगले द्यावयाचे तर तुकाराम वाचावा लागतो, हे त्यांच्या लक्षात आले. नंदाखालला जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’चे संपादन केले, वसईच्या हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी झालेल्या लोकलढ्यात ते पुढे होते, ज्यांच्या बागा जात होत्या ते त्यांच्याच धर्मग्रामांतले लोक होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’मधील नव्या करारास २०१३ सालचा साहित्य अकादेमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. निवडीच्या वेळी विरोधाचे सूरही उमटले. धर्मगुरूने मराठी साहित्याचे अध्यक्ष व्हावे का, असा प्रश्न विचारणाऱ्यांना १६१६ आठवत नव्हते. २०२४ च्या जुलैत दिब्रिटो निवर्तले.

त्याआधी, २२ मे १९९८ रोजी, वसईचा धर्मप्रांत मुंबईहून वेगळा झाला. थॉमस डाबरे हे त्याचे पहिले बिशप. मराठी ही जिथे प्रामुख्याने उपासनेची आणि कारभाराचीही भाषा आहे असा हा धर्मप्रांत. मात्र त्याच सुमारास भातखाचरांवर इमारती चढू लागल्या होत्या, विहिरींवरचे रहाट थांबले होते, आणि ज्या घरांनी वेदीवर मराठी आणली त्या घरांतली मुले इंग्रजी शाळेच्या गणवेशात स्टेशनकडे निघाली होती. रविवारी सकाळी अनेक धर्मग्रामांत मराठी मिस्सेबरोबर इंग्रजी मिस्साही होते. आजी एकीला जाते, नात दुसरीला. दुपारी घरी एकाच ताटलीतले फुगे खाताना दोघी कादोडीत बोलतात, निदान आजी बोलते आणि नातीला ते कळते.

आगेऱ्याला लोंब्या लागतात. ज्या गावात शेत उरले नाही तेथे त्या शेजारच्या गावातून मागवल्या जातात. मे महिन्यात इमारतींच्या मधोमध उरलेल्या नाक्यावरच्या क्रुसाला अजून झेंडूच्या माळा चढतात. लादाइन म्हणणाऱ्या बायकांपैकी काहींना तिचे शब्द पाठ आहेत, काहींनी ते वहीत लिहून आणलेले असतात, आणि वहीत ते देवनागरीत असतात.